वाफ्यातली उत्तरं

काशिनाथ आबांची पहाटे उठायची खोड न्यूझीलंडला येऊनही गेली नाही. लासलगावच्या कांदा मार्केटात तीस वर्षं हमाली केलेला माणूस. पाठीला गोणीची सवय आणि डोळ्याला उजाडायच्या आधीची. मुलगा श्रीनाथ इंजिनिअर होऊन इकडे आला, सून मृणालिनी इथल्या दवाखान्यात औषधांचं बघते, आणि बायको गेल्यावर आबांनाही दोघांनी पुकेकोहे या गावी आणलं. यायचं म्हटल्यावर आबांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिकडे माती कशी आहे?" श्रीनाथ म्हणाला, "लाल. आणि आबा, गावाभोवती सगळे कांदेच कांदे." तेव्हा कुठे म्हातारा विमानात बसला.

घरामागे परसात एक सुटी खोली होती. तिला इकडे स्लीपआउट म्हणतात. त्या खोलीत मे महिन्यात एक चिनी मुलगी राहायला आली. फान सूयिन तिचं नाव. वय सव्वीस, अंगाने काडी, पण डोळे असे की समोरच्या माणसाला आपलं काही देणं राहिलंय की काय असं वाटावं. वर्षभराच्या व्हिसावर आली होती. पॅकहाउसमध्ये दुपारच्या पाळीला जायची. पट्ट्यावरून कांदे धावत येतात, त्यातले नासके वेचून टाकायचे, हे काम.

आबांना हे कळलं तसा त्यांनी तिच्यापुढे हात केला. "बघू तुझा हात." वास घेतला. "बरोबर. आमचीच माणसं तुम्ही."

ती बावचळली. मग हसली.

दोघांची भाषा म्हणजे मोठी गंमत होती. तिचं इंग्रजी पुस्तकी, आबांचं मार्केटातल्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं. अडलं की सूयिन फोन पुढे करायची. फोनमधली बाई तिचं चिनी मराठीत सांगे आणि आबांचं मराठी चिनीत. ही बाई भलतीच नमुनेदार मराठी बोलायची. "आदरणीय वृद्ध गृहस्थ, आपण भोजन ग्रहण केलेत काय?" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मृणालिनीच्या हातातला चहा सांडला.

आबांनी सूयिनचं पाठांतर पहिल्यांदा ऐकलं ते जूनमधल्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातल्या, एका गार पहाटे. बाहेर धुकं, गवतावर दहिवर, आणि ही पोरगी अंगावर रजई पांघरून परसातल्या शेडपुढे येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटत होती. हातात जाड पुस्तक. जप करत असावी असं आबांना वाटलं. जपात बोलू नये म्हणून ते गप्प राहिले. चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"कोणाचा जप गं?"

फोनमधल्या बाईने ते कसं सांगितलं देव जाणे, पण सूयिन म्हणाली, "राजकारणाचा."

मग हळूहळू सगळं कळलं. चीनमध्ये पदवीच्या पुढे शिकायचं तर साऱ्या देशाची मिळून एक मोठी परीक्षा असते. डिसेंबरात, दोन दिवस, चार पेपर. लाखो मुलं बसतात. सूयिनला पिकांच्या रोगांवर शिकायचं होतं. साठवणीतला कांदा का सडतो, लसूण का काळा पडतो, असलं. त्या विषयांत ती पक्की होती. पण राजकारणाचा पेपर सगळ्यांनाच सक्तीचा. तत्त्वज्ञान, इतिहास, चालू घडामोडी. तिला हव्या त्या विद्यापीठाचा नियम असा की एकूण गुण कितीही असोत, प्रत्येक पेपरात पन्नास तरी पाहिजेत. पहिल्या वर्षी तिला राजकारणात अठ्ठेचाळीस पडले. दुसऱ्या वर्षी एकोणपन्नास.

"म्हणजे सुधारणा आहे की," आबा म्हणाले.

सूयिनने त्यांच्याकडे असं पाहिलं की आबांनी जीभ चावली.

आता ही तिसरी आणि शेवटची वेळ. तिच्या आईने बजावलं होतं: या खेपेला नाही झालं तर मावशीच्या खतांच्या दुकानात बसायचं आणि परीक्षेचं नाव काढायचं नाही. घरी राहून अभ्यास केला तर सगळं गाव रोज विचारतं, म्हणून ती हजारो मैल लांब आली होती. इथे कोणी विचारणारं नव्हतं.

"आणि आता मी विचारतोय," आबा म्हणाले.

"तुम्ही चालाल," सूयिन म्हणाली. "तुम्हाला त्या परीक्षेचं नावसुद्धा म्हणता येत नाही."

अडचण तिने प्रामाणिकपणे सांगितली. वाचते तेव्हा सगळं कळतं. पुस्तक मिटलं की उत्तराच्या सहापैकी दोन मुद्दे गळतात. रोज वेगळे दोन.

आबा विचारात पडले. स्वतः ते छत्तिसाव्या वर्षी अक्षर शिकले होते, तिसरीतल्या श्रीनाथच्या पुस्तकावरून, त्याच्याच शेजारी बसून. त्याच्या आधीची पंधरा वर्षं मार्केटात काढली ती बिनअक्षराची. लिलाव झाला की चाळीस-चाळीस थप्प्या लागायच्या. ही थप्पी कोणाची, ती कुठल्या गाडीत, कोणता माल उद्यावर ठेवायचा, हे सगळं डोक्यात. लिहून घेणारे कारकून चुकायचे, काशिनाथ चुकला नाही. अडत्ये चिठ्ठी बाजूला सारून त्यालाच विचारायचे.

"तू उत्तर तोंडात ठेवतेस," आबा म्हणाले. "तोंड चुकार असतं पोरी. उत्तर पायात ठेव."

फोनमधल्या बाईने यावर हात टेकले. तेव्हा आबांनी पोरीला उठवून परसात नेलं आणि करूनच दाखवलं. हा नळ. पहिला मुद्दा इथे ठेवायचा. चार पावलं पुढे पुदिन्याचा टब, दुसरा तिथे. मग वाटाण्याच्या मांडवाचा पहिला बांबू, मग शेवटचा. मग मेथी. मग लिंबाचं झाड. मुद्दा तिथे ठेवायचा म्हणजे तिथे उभं राहून, त्या जागेकडे बघत मोठ्याने म्हणायचा. उद्या पुन्हा तिथेच. थप्पी जागची हलत नाही, आणि आपण तिच्यापाशी गेलो की ती आपणहून सांगते, मी अमक्याची.

सूयिन हुशार. दोन दिवसांत तिला खुबी कळली. पहिल्या प्रश्नाची वाट तीच ठेवून बाकीचे प्रश्न तिने एकेका वाफ्याला वाटून दिले. फ्लॉवरच्या वाफ्यात इतिहास बसला, सिल्व्हरबीट या पालकासारख्या भाजीच्या रांगेत चालू घडामोडी, वाटाण्याच्या मांडवाखाली तत्त्वज्ञान. असे बारा मोठे प्रश्न आबांच्या परसात लागवडीला आले.

आणि तपासणीस आबा. रोज उजाडताना ते पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी कानावर ओढून बसायचे, शाल गुडघ्यावर. पोरगी म्हणत म्हणत चालायची. आबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांचे डोळे तिच्या पायांवर.

"थांब. पुदिन्यापाशी थांबली नाहीस."

सूयिन थबकायची, पुस्तक उघडायची, आणि खरंच तो मुद्दा गळालेला असायचा. "आबा, तुम्ही जादूगार आहात!"

"जादू कसली. हमाल आहे."

कधीकधी ते विचारायचे, लिंब काय म्हणतंय? ती सांगायची, एकाच गोष्टीच्या पोटात दोन उलट गोष्टी नांदत असतात, आणि त्यांच्या ओढाताणीतूनच गोष्ट पुढे सरकते. याला चिनीत माओतुन म्हणतात.

"हे एवढं शिकायला तुम्हाला परीक्षा लागते?" आबा म्हणाले. "आमच्या मार्केटात विकणारा आणि घेणारा एकाच ओट्यावर उभे असायचे."

सूयिन उभी राहिली, विचार केला आणि ते वहीत लिहून घेतलं.

जून गेला, जुलै गेला. पॅकहाउसचा हंगाम संपला तशी ती काचघरात टोमॅटो तोडायच्या कामाला लागली. तिथे जायचं सकाळी नवाला, त्यामुळे पहाट मोकळीच. ऑक्टोबरात तिने परीक्षेची नोंदणी केली. बाराच्या बारा प्रश्न आता न अडखळता होत. मृणालिनी खिडकीतून बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, "तुझ्या बाबांना नोकरी लागली रे."

आणि इथे आबांनी घोळ घातला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी इकडे लेबर डेची सुट्टी असते. जोडून आलेला शनिवार-रविवार धरून त्याला लेबर वीकेंड म्हणतात. शेजारी रमणभाई पटेल. त्यांचे आजोबा नवसारीहून येऊन इथे भाजीपाला करत होते, तेव्हापासून तीन पिढ्या याच मातीत. आबांशी ते गुजराती मिसळलेल्या हिंदीत बोलत. शनिवारीच कुंपणावरून हाक मारली.

"काशिनाथभाई, टोमॅटो लावले की नाही? लेबर वीकेंडला टोमॅटो जमिनीत गेलेच पाहिजेत. माझ्या दादाच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळेपासून हाच नियम. एक आठवडा उशीर झाला तर ख्रिसमसला टोमॅटो पिकलेले नसतात, तोंड लपवावं लागतं."

आबांनी आपल्या परसाकडे पाहिलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. फ्लॉवरचे नुसते बुंधे उरलेले. मेथी फुलावर गेलेली. सिल्व्हरबीटचे तुरे डोक्याला लागतील एवढे. वाटाण्याचा मांडव वाळून खडखडत होता. चार महिने पोरीच्या अभ्यासाच्या नादात बाग अशी सोडून दिली! हमालाच्या ओट्यावर असा कचरा कोणी पाहिला असता तर?

सोमवारी सूयिन सुट्टीचीही कामावर गेली. श्रीनाथ आणि मृणालिनी ऑकलंडला. रमणभाई आपलं माती फिरवायचं यंत्र आणि रोपांचा ट्रे घेऊन आले. दोघा म्हाताऱ्यांनी दिवसभर काम केलं. बुंधे उपटले, मेथी उपटली, मांडव मोडून बांबू शेडमध्ये उभे केले. पुदिन्याचा टब वाटेत येतो म्हणून घराच्या कडेला नेला. लिंबाच्या झाडाची खालची फांदी नको तितकी पसरली होती, तीही छाटली. चार वाजता लाल माती अशी सपाट झाली होती की हात फिरवावा, आणि तिच्यात टोमॅटोच्या चोवीस रोपांच्या सरळ रांगा. आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पोरगी आली की खूश होईल. तिला टोमॅटो आवडतात, असंही त्यांच्या मनात आलं. दिवसभर टोमॅटोच तोडून आलेल्या मुलीला!

सूयिन साडेचारला आली. सायकल कुंपणाला टेकवली, वळली आणि तशीच उभी राहिली.

"कसं झालंय?" आबांनी विचारलं.

ती सरळ पुढे आली. नळापाशी गेली. चार पावलं चालली. थांबली. खाली पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"आबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "माझा दुसरा मुद्दा कुठे आहे?"

तेव्हा कुठे आबांना कळलं आपण काय उपटलं ते. रमणभाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि आपलं यंत्र घेऊन हळूच गेले.

"पोरी, मी... अगं, जागा तिथेच आहेत ना. नुसतं वरचं..."

पण त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. ओटा तसाच राहिला आणि रात्रीतून चाळीस थप्प्या कोणी उचलून नेल्या, तर ओटा काय सांगणार?

सूयिन रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. खोलीत गेली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परसात कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आबा मात्र दोन्ही दिवस खुर्चीत जाऊन बसले.

बुधवारी संध्याकाळी मृणालिनीने पोरीला जेवायला ओढून आणलं. पिठलं-भात होता. सूयिनने खाली मान घालून सांगितलं की तिने दोन दिवस कागदावर उत्तरं लिहून पाहिली. बारापैकी पाच आली. बाकीच्यांत डोळे मिटले की तिला फक्त टोमॅटोची रोपं दिसतात.

"मग पुन्हा कर पाठ," श्रीनाथ म्हणाला. "अजून दीड-पावणेदोन महिना आहे. हीप्स ऑफ टाइम, ढिगाने वेळ."

"मी परीक्षेला जात नाही," ती म्हणाली. नोंदणी केली तरी ती नोव्हेंबरात पक्की करावी लागते. ओळखपत्र हातात धरून फोटो काढायचा, कागद ऑनलाइन चढवायचे. मुदत मंगळवार, पाच तारखेपर्यंत. नाही केलं तर नोंदणी आपोआप रद्द. "मी काहीच करणार नाही. आपोआप रद्द होईल. तिसऱ्यांदा हरायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

आबांनी ताटातला भात तसाच ठेवला. श्रीनाथने नंतर त्यांची समजूत काढली. "आबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? तिचं आधीचंच मन कच्चं होतं."

"कच्चं होतं म्हणून तर आधार दिला ना," आबा म्हणाले. "आणि आधारच मी उपटला."

सपाट मातीवर पुन्हा मांडव उभा करता येत नव्हता. मेथी चार दिवसांत वाढत नव्हती. आबा दोन दिवस परसात नुसते हिंडले. नळापासून चार पावलं, मग सहा, मग वळण. चालता चालता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पोरीच्या पावलांवर डोळे ठेवताना त्यांनी चार महिने कानही लावले होते. अर्थ कळत नव्हता, पण अक्षर नसलेल्या माणसाने पंधरा वर्षं जे केलं तेच कानाने इथेही केलं होतं. नळापाशी ती कसला आवाज काढायची ते त्यांना ऐकू येत होतं.

शनिवारी उजाडलं तसे आबा स्लीपआउटच्या खिडकीसमोर उभे राहिले, खाकरले आणि नळापाशी जाऊन मोठ्याने चिनी बोलायला लागले.

ते चिनी कसलं! लासलगावचा हमाल चिनी बोलला तर जसं व्हायचं तसं. पण ओळीमागून ओळ, थांबायच्या जागी थांबत. पहिला मुद्दा नळापाशी. दुसरा पुदिन्याच्या जागी. मांडवाच्या पहिल्या बांबूच्या जागी तिसरा. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मृणालिनीचं डोकं बाहेर आलं.

"आबा! काय चाललंय? शेजारी पोलिसांना फोन करतील!"

"तू चहा टाक," आबा म्हणाले आणि पुन्हा चिनीत शिरले.

स्लीपआउटचं दार किलकिलं झालं. आबांनी तिकडे पाहिलंच नाही. लिंबापाशी येऊन ते "माओतुन, माओतुन" म्हणाले.

"तुम्ही आत्ता 'मांजर उकिडवं बसलं' म्हणालात," दारातून आवाज आला. "सूर खाली आणा."

"माओतुन."

"अजून मांजरच आहे."

आबा पुढे निघाले. सिल्व्हरबीटच्या जागी आले आणि त्यांनी एक लांबलचक वाक्य ठोकून दिलं. दार धाडकन उघडलं. सूयिन अनवाणी बाहेर आली. केस विस्कटलेले, अंगात झोपायचे कपडे, चेहरा लालबुंद.

"चूक! साफ चूक! हा तिसऱ्या प्रश्नाचा मुद्दा आहे, तुम्ही सातव्यात घातलात! इथे तो येतच नाही!"

"मग इथे काय येतं?"

"इथे येतं..." आणि ती बोलायला लागली. एक मुद्दा, दुसरा, तिसरा. रागाने बोलत होती, हात हलवत. सहावा मुद्दा संपला तेव्हा तिला कळलं की आपण उभे आहोत ते स्लीपआउटच्या पायरीपाशी. सिल्व्हरबीटची जागा वीस पावलं लांब. पायाखाली कसलाच वाफा नाही, समोर तोंडाचा आ केलेले आबा आणि खिडकीत चहाचा कप धरलेली मृणालिनी.

"पुन्हा म्हण," आबा म्हणाले.

तिने पुन्हा म्हटलं.

"आता आठवा."

आठव्यात आबांनी मुद्दाम नव्हे, खरंच दोनदा घोटाळा केला आणि दोनदा बोलणी खाल्ली. नववा तिने एकटीनेच म्हटला. दहाव्यात एक मुद्दा अडला. दोघंही अडले. पुस्तक आणावं लागलं. तासाभरात बारापैकी दहा झाले. कोवळं ऊन आलं होतं आणि टोमॅटोची रोपं वाऱ्यावर हलत होती, कोणाचं काही बिघडवलं नसल्यासारखी.

सूयिन पायरीवर बसली. "आबा, परीक्षेत चालू देत नाहीत," ती एकदम म्हणाली. "तीन तास एका बाकावर बसावं लागतं. मी हे लक्षातच घेतलं नव्हतं. बागेतच अडकून बसले असते."

मृणालिनी चहा घेऊन आली. "आबा, आता सांगा की तुम्ही मुद्दामच उपटलं. मोठे गुरू ठराल."

"खोटं कशाला?" आबा म्हणाले. "रमणभाईने लाज काढली म्हणून उपटलं."

त्या दिवसापासून पांढऱ्या खुर्च्या दोन झाल्या. तोंड कुंपणाकडे, कोऱ्या फळ्यांकडे. चालायचं नाही, हात मांडीवर, जागेवरून हलायचं नाही. आबांना आता तपासायला पाय नव्हते, म्हणून ते तिच्यासोबत मनातल्या मनात म्हणायचे आणि कुठे ओळ तुटली वाटली की बोट वर करायचे. दहातल्या सात वेळा बोट बरोबर असायचं. उरलेल्या तीन वेळा शिव्या बसायच्या, पण चिनीत, त्यामुळे लागायच्या नाहीत.

सोमवारी दुपारी पांढरी चादर दारावर टांगून मृणालिनीने फोटो काढला. सूयिन बाह्या वर करून, ओळखपत्र हनुवटीखाली धरून, फाशीला निघाल्यासारखी उभी.

"हस की गं जरा."

"हसलं तर नाकारतात."

मंगळवारी उत्तर आलं. नोंदणी पक्की.

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. विमानतळावर आबांनी तिच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि डोक्यावर हात ठेवला. फोनमधल्या बाईला त्यांनी या वेळी त्रास दिला नाही.

एकवीस तारखेचा पहिला पेपर राजकारणाचा. तिकडे सकाळचे साडेआठ तेव्हा इकडे दुपारचा दीड. आबा जेवण आटोपून खुर्चीत जाऊन बसले, कुंपणाकडे तोंड करून. ऊन चटचट लागत होतं. मृणालिनीने सांगून पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावर श्रीनाथची मोठी हॅट ठेवली, नाकाला सनस्क्रीन फासलं आणि गेली. साडेचारला आबा उठले. "झाला पेपर," म्हणाले आणि टोमॅटोला पाणी घालायला गेले. ख्रिसमसला तोंड लपवावं लागलं नाही. एक टोपली रमणभाईंनाच दिली.

पुढचे दोन महिने म्हणजे नुसती वाट. फेब्रुवारीच्या शेवटी गावाभोवतीच्या शेतांतून काढलेले कांदे उन्हात पसरले होते, सगळ्या रस्त्याला त्यांचा वास. त्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर सूयिन, जाड कोटात, मागे दुकानातल्या खतांच्या पिशव्या. मावशीकडे मदतीला बसली होती.

आबांनी घाईने विचारलं, "मावशीच्या दुकानात का गं? लागला का निकाल?"

"लागला," ती म्हणाली.

"राजकारण किती?"

"सदुसष्ट."

आबांनी बोटांवर हिशेब केला. पन्नासच्या वर सतरा. "पेपर नीट तपासलाय ना त्यांनी?"

श्रीनाथ आणि मृणालिनी दोघंही ओरडले. सूयिन हसत आणि रडत होती. एकूण गुणही चांगले होते. मार्चमध्ये विद्यापीठाची किमान गुणांची रेषा जाहीर झाली, ती तिच्या गुणांपेक्षा सतराने खाली राहिली. अठरा जणांना मुलाखतीला बोलावलं, जागा बारा. सूयिन सातवी आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. कुठल्याही जर-तरशिवाय सूयिनचं नाव त्या यादीत होतं.

त्या संध्याकाळी तिच्या आईला आबांशी बोलायचं होतं. पडद्यावर एक ठेंगणी बाई आली, केस मागे घट्ट बांधलेले. तिने दोन्ही हात जुळवले आणि बोलायला लागली. बरंच बोलली. मध्येच डोळे पुसले, मध्येच मुलीकडे बोट करून रागावली, पुन्हा बोलली. आबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी ती म्हणाली ते सूयिनने सांगितलं: आई विचारते, आमच्याकडचं काय पाठवू? आमच्या गावचा लसूण फार नावाजलेला आहे. बीसुद्धा पाठवते.

"नको नको!" आबा घाबरून म्हणाले. "इकडे मातीचा कणही आत सोडत नाहीत. मागे मी बोराची एक बी खिशात विसरलो होतो, तर विमानतळावर कुत्रा येऊन पायाशी बसला. सांग त्यांना, लसूण तिकडेच लावा. पोरगी शिकून आली की सांगेल का सडतो ते."

आईला ते सांगितल्यावर ती खो खो हसली. मुलगी हसली त्यापेक्षा मोठ्याने.

"आबा, सप्टेंबरात वर्ग सुरू होतील," सूयिन म्हणाली. "तीन वर्षं."

"त्यात पाठांतर आहे?"

"नाही. आता ज्याचं उत्तर कोणाला माहीत नाही ते शोधायचं."

आबांनी मान डोलवली. "मग बोलत काय बसलीस? फोन ठेव आणि लाग कामाला."

तिने फोन ठेवला नाही. अर्धा तास अजून बोलली.